सुपरकारची सेकंड-हँड किंमत कशी ठरते? रनिंग, रंग आणि वापर यांचं संपूर्ण गणित

इन्स्टाग्रामवर किंवा यूट्यूबवर सुपरकारचे रील्स आपण सगळेच बघतो. लाल फेरारी, पिवळी लॅम्बोर्गिनी, केशरी मॅकलॅरेन. पण एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का? एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्या विकायला निघतात आणि त्यांच्या किमतीत कधी कधी एका चांगल्या फ्लॅटइतका फरक असतो. दोन्ही गाड्या चालू, दोन्ही चकचकीत. मग फरक येतो कुठून?

उत्तर मुख्यतः तीन गोष्टींत आहे: गाडी किती चालली, तिचा रंग कोणता आणि ती कशी वापरली गेली. आजच्या लेखात आपण या तिन्ही गोष्टी सोप्या भाषेत समजून घेऊया. सुपरकार घ्यायची नसली तरी हे वाचा. उद्या तुम्ही सेकंड-हँड बाईक, कार किंवा फोन घ्याल, तेव्हा यातली बरीच माहिती कामाला येईल.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ

आपल्याकडे "मायलेज किती?" असं विचारलं की गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते, म्हणजे अ‍ॅव्हरेज, असा अर्थ होतो. परदेशातल्या जाहिरातींत मायलेज म्हणजे गाडी आजवर एकूण किती चालली ते. आपण त्याला "रनिंग" म्हणतो. या लेखात आपण रनिंग हाच शब्द वापरणार आहोत. सुपरकारचं अ‍ॅव्हरेज घेणाऱ्यापैकी फारसं कोणी विचारत नाही, रनिंग मात्र पहिल्याच फोनवर विचारलं जातं.

सगळ्याच सुपरकारची किंमत वाढते का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. सुपरकारचे ढोबळमानाने दोन गट पडतात.

पहिला गट नियमित उत्पादनाच्या गाड्यांचा. कंपनी त्या वर्षानुवर्षं बनवत राहते आणि दर काही वर्षांनी नवं मॉडेल आणते. मग जुन्या मॉडेलची किंमत पडते. मॅकलॅरेनची एमपी४-१२सी ही गाडी २०११ मध्ये ब्रिटनमध्ये साधारण १ लाख ६८ हजार पौंडांना बाजारात आली. आज तीच गाडी तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळते. गाडी वाईट नाही, पण त्यानंतर मॅकलॅरेननेच एकापाठोपाठ एक नवी मॉडेल्स आणली.

दुसरा गट मर्यादित संख्येच्या गाड्यांचा. फोर्ड जीटी हे याचं चांगलं उदाहरण आहे. २००५ आणि २००६ या दोन मॉडेल वर्षांत मिळून अशा फक्त ४,०३८ गाड्या बनल्या. नवी असताना किंमत १ लाख ४० ते १ लाख ५० हजार डॉलरच्या आसपास होती. आज चांगल्या अवस्थेतली जीटी घ्यायची तर मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त मोजावे लागतात.

फोर्डला हा अनुभव असल्यामुळे पुढची जीटी आणताना कंपनीने ग्राहकांकडून लिहून घेतलं की पहिली दोन वर्षं गाडी विकायची नाही. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना याने २०१७ मध्ये गाडी मिळाल्यावर थोड्याच दिवसांत विकली. फोर्डने थेट कोर्टात दावा ठोकला. २०१८ मध्ये दोघांत तडजोड झाली आणि ती रक्कम दानधर्मासाठी दिली गेली. गाडी विकून लगेच नफा मिळणार हे माहीत असेल तरच कंपनी अशी अट घालते.

त्यामुळे पहिला प्रश्न हा: गाडी कोणत्या गटातली आहे? रनिंग आणि रंग यांचा परिणाम दोन्ही गटांत वेगवेगळा होतो.

रनिंग: प्रत्येक किलोमीटरला भाव असतो

साध्या हॅचबॅकचं रनिंग ४० हजार असो की ४५ हजार, किमतीत फार फरक पडत नाही. सुपरकारचं तसं नाही. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालवणं हा तिथे नेहमीचा वापर धरला जातो. म्हणून १० हजार रनिंगची गाडी आणि ३० हजार रनिंगची गाडी या दोन वेगळ्याच वस्तू मानल्या जातात.

एक सोपं गणित करून बघा. समजा एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत. एक ५ हजार चाललेली, दुसरी २५ हजार. किमतीत फरक २० लाख रुपये. म्हणजे २० हजार किलोमीटरसाठी २० लाख. दर किलोमीटरला १०० रुपये फक्त किंमत उतरण्यात गेले. पेट्रोल, टायर, सर्व्हिस, इन्शुरन्स हे सगळं वेगळं. पुण्याहून मुंबईला जाऊन परत आलं की साधारण ३०० किलोमीटर होतात, म्हणजे ३० हजार रुपये कुठलंही बिल न येता गेले.

संग्रहासाठी घेतल्या जाणाऱ्या गाड्यांत तर हे अजून टोकाला जातं. आपल्या फोनच्या दुनियेतलं उदाहरण घ्या. २००७ मध्ये ४९९ डॉलरला आलेला पहिल्या पिढीचा ४ जीबीचा आयफोन, बॉक्सचं सील न तोडलेला, २०२३ मध्ये अमेरिकेत लिलावात १ लाख ९० हजार डॉलरहून जास्त किमतीला गेला. तोच फोन वापरलेला असता तर इतके पैसे कोणी दिले नसते. तिथे फोन वापरण्यासाठी घेतला नव्हता, न वापरल्याबद्दल पैसे मोजले होते. जवळजवळ न चाललेल्या सुपरकारचंही असंच असतं.

एकच मॉडेल, दोन गोष्टी

मॅकलॅरेन एफ१ ही १९९० च्या दशकातली गाडी. रेसिंगच्या गाड्या धरूनही एकूण फक्त १०६ बनल्या. नवी असताना किंमत साधारण ५ लाख ४० हजार पौंड होती.

पहिली गाडी: १९९५ सालची, रनिंग फक्त ३९० किलोमीटरच्या आसपास. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात ती २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला गेली.

दुसरी गाडी: 'मिस्टर बीन' म्हणून आपल्याला माहीत असलेल्या रोवन अ‍ॅटकिन्सनची. त्याने ती १९९७ पासून खरोखर वापरली. रनिंग सुमारे ६६ हजार किलोमीटर. दोन अपघात झाले. २०११ चा अपघात इतका मोठा होता की दुरुस्तीचा खर्च ९ लाख १० हजार पौंड झाला. तरीही २०१५ मध्ये ही गाडी सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेल्याच्या बातम्या आल्या.

दोन्ही विक्रींत सहा वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे थेट वजाबाकी करून उपयोग नाही. पण दोन गोष्टी नक्की कळतात. कमी रनिंगला खूप मोठा भाव आहे. आणि गाडी पुरेशी दुर्मिळ असेल, दुरुस्ती मूळ कंपनीने केलेली असेल, सगळी कागदपत्रं असतील आणि मालक प्रसिद्ध असेल, तर जास्त रनिंग आणि अपघातसुद्धा पचून जातात. नियमित उत्पादनाच्या सुपरकारला मात्र ही सवलत मिळत नाही. तिचा एक मोठा अपघात झाला की घेणारा दुसऱ्या गाडीकडे वळतो, कारण बाजारात तशाच अजून दहा गाड्या उभ्या असतात.

कमी रनिंग म्हणजे चांगली गाडीच का?

इथे बरेच जण फसतात. यंत्र उभं राहिलं तरी जुनं होतंच. टायरचं रबर कडक होतं, बॅटरी उतरते, सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं.

फेरारी एफ३५५ चं उदाहरण घ्या. तिचा टायमिंग बेल्ट किलोमीटर पूर्ण झाले नाहीत तरी काही वर्षांनी बदलावाच लागतो. त्यासाठी अख्खं इंजिन गाडीतून खाली काढावं लागतं. त्यामुळे "फक्त ६ हजार चालली आहे" असं सांगणाऱ्या मालकाने दहा वर्षं बेल्ट बदलला नसेल, तर ते कमी रनिंग तुम्हाला महागात पडेल.

आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. 'फास्ट अँड फ्युरियस'मधला अभिनेता पॉल वॉकर २०१३ मध्ये पोर्शे कॅरेरा जीटीच्या अपघातात गेला. तपासात मुख्य कारण अतिवेग असं निघालं, पण गाडीचे टायर नऊ वर्षं जुने होते आणि त्याचा गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असावा, याचीही नोंद झाली. टायरवर नक्षी शिल्लक दिसते म्हणून टायर चांगला, असं नसतं.

टायरचं वय तुम्ही स्वतः बघू शकता. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. '२३१९' असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. आज घरी गेल्यावर आपल्या बाईकचा नंबर बघाच.

रंग: लाल सेफ, पण दुर्मिळ भारी

साध्या गाड्यांत पांढरा, सिल्व्हर, काळा हे रंग पटकन खपतात. सुपरकारमध्ये गणित बदलतं, कारण तिथे घेणाऱ्याला गर्दीत उठून दिसायचंच असतं.

- लाल: मोटर रेसिंगच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक देशाला एक रंग होता आणि इटलीचा लाल. म्हणून फेरारी म्हणजे लाल हे समीकरण बसलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विकल्या जाणाऱ्या सुमारे ८५ टक्के फेरारी लाल असायच्या. आता हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. एफ४० ही गाडी तर कंपनीने लाल रंगातच दिली. लाल फेरारी पटकन विकली जाते, पण लाल आहे म्हणून जास्त पैसे मिळतीलच असं नाही.
- पिवळा: फेरारीच्या घोड्यामागचा पिवळा हा मोदेना शहराचा रंग. लॅम्बोर्गिनीलाही पिवळा शोभतो. अमेरिकेत साध्या गाड्यांवर झालेल्या आयसीकार्सच्या अभ्यासांतही पिवळ्या गाड्यांची किंमत कमी घसरल्याचं दिसलं. कारण सोपं आहे: अशा गाड्या कमी असतात आणि हव्या असणाऱ्यांना दुसरा पर्याय नसतो.
- खास ऑर्डरचे रंग: जास्तीचे पैसे भरून ग्राहक आपल्या पसंतीचा रंग करून घेतो. पोर्शेमध्ये याला 'पेंट टू सॅम्पल' म्हणतात. कारखान्यातूनच असा रंग आल्याचा कागद असेल तर पुढे त्याचे पैसे वसूल होतात.
- स्पेशल एडिशन: २००६ च्या फोर्ड जीटीची हेरिटेज एडिशन, फिकट निळा रंग आणि त्यावर केशरी पट्टे. अशा फक्त ३४३ गाड्या बनल्या आणि साध्या जीटीपेक्षा त्या बऱ्याच महाग जातात. इंजिन तेच, फरक रंगाचा आणि संख्येचा.

आता गंमत बघा. वर सांगितलेली २ कोटी डॉलरची मॅकलॅरेन एफ१ कोणत्या रंगाची होती? तपकिरी. शोरूममध्ये बहुतेकांनी नाकारला असता असा रंग. पण त्या छटेची ती एकमेव एफ१ होती. थोडक्यात, नियमित मॉडेलमध्ये लोकांना आवडणारा रंग चालतो आणि संग्रहाच्या गाडीत एकमेव रंग चालतो.

पुन्हा रंगवलेली गाडी कशी ओळखतात? जाडी मोजणारं छोटं यंत्र पत्र्याला लावतात. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. एका दरवाजावर १२० आणि शेजारच्या पॅनलवर ३०० आलं, तर तिथे काम झालेलं आहे. कार्बन फायबरच्या पॅनलवर साधं चुंबकीय यंत्र चालत नाही, त्यासाठी अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं. रॅप किंवा पारदर्शक पीपीएफ लावली तर खालचा मूळ रंग टिकतो, म्हणून बरेच मालक तो मार्ग निवडतात. पण घेताना विचारा की रॅपच्या खाली काय आहे. आणि भारतात गाडीचा रंग कायमचा बदलला तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

वापर: गाडीचा मेंदू सगळं लिहून ठेवतो

१५ हजार किलोमीटर हायवेवर आणि १५ हजार रेस ट्रॅकवर, मीटरवर आकडा एकच. पण गाडीची झीज पूर्ण वेगळी. मग हे ओळखायचं कसं? गाडीच्या ईसीयूमधून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधून.

ओव्हर-रेव्हची नोंद. पोर्शेचा ईसीयू इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं ते जपून ठेवतो. ९९७ मालिकेपासून याचे सहा स्तर असतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबून मर्यादा ओलांडायला गेलं तर लिमिटर इंजिनला थांबवतो. पण भर वेगात पाचव्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकंच इंजिनला फिरवतात आणि लिमिटरचं काही चालत नाही. वरच्या स्तरांतल्या नोंदी बहुधा अशाच चुकीतून येतात. नोंद कितव्या इंजिन-तासाला झाली तेही कळतं. अशी नोंद असलेली गाडी जाणकार घेणारा सोडून देतो किंवा भाव पाडून मागतो.

इंजिनचे तास. रनिंगला तासांनी भागा. ३०,००० किलोमीटर आणि ६०० तास म्हणजे सरासरी वेग ताशी ५०. पटण्यासारखं आहे. पण ८,००० किलोमीटर आणि तेच ६०० तास, म्हणजे ताशी १३. एकतर गाडी सतत ट्रॅफिकमध्ये उभी होती किंवा मीटर मागे फिरवलेला आहे.

क्लच. लॅम्बोर्गिनीच्या ई-गिअर आणि फेरारीच्या एफ१ गिअरबॉक्समध्ये क्लच किती झिजला ते डायग्नोस्टिक यंत्रावर टक्क्यांत दिसतं. शहरातल्या गर्दीत हे क्लच लवकर जातात.

ब्रेक. कार्बन-सिरॅमिक डिस्क वरवर नव्यासारखी दिसते, पण ट्रॅकच्या उष्णतेने आतून हलकी होते. डिस्कवर किमान वजन लिहिलेलं असतं. शंका असेल तर ती काढून वजन करतात. नवा संच अत्यंत महाग असल्यामुळे ही तपासणी टाळू नये.

या तिघांशिवाय अजून काय?

गिअरबॉक्स. फेरारी एफ४३० मध्ये बहुतेकांनी स्टिअरिंगमागच्या पॅडलचा गिअरबॉक्स घेतला. त्यानंतरची ४५८ आली तेव्हा मॅन्युअलचा पर्यायच राहिला नाही. आज मॅन्युअल एफ४३० कितीतरी जास्त भावाने जाते.

दुसरी गोष्ट इतिहास. पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिस बिलं, दोन्ही चाव्या, मूळ टूलकिट, मॅन्युअल. फोन विकताना बॉक्स आणि बिल असेल तर भाव वाढतो ना, तसंच.

तिसरी गोष्ट मालक. सचिन तेंडुलकरने कसोटीत ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली तेव्हा त्याला २००२ मध्ये फेरारी ३६० मोदेना भेट मिळाली, सिल्व्हरस्टोनला मायकल शूमाकरच्या हस्ते. पुढे आयात कराच्या माफीवरून देशभर वाद झाला आणि शेवटी तो कर फियाटने भरला. २०११ मध्ये ही गाडी सूरतच्या एका उद्योजकाने घेतली. ३६० मोदेना जगात हजारो आहेत, पण सचिनची एकच.

भारतात वेगळं काय?

- आयात शुल्क आणि इतर कर धरून पूर्ण तयार येणारी सुपरकार इथे मूळ किमतीच्या दुपटीपेक्षा जास्त महाग पडत आली आहे. विकताना त्यातला कराचा भाग परत मिळेलच असं नाही.
- घेणारे कमी, म्हणून गाडी विकायला वेळ लागतो. वेगळ्या रंगाची गाडी इथे जास्त काळ अडकून राहू शकते.
- स्पीडब्रेकर आणि पावसाचं पाणी. गाडी लिफ्टवर चढवून खालचा भाग बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. मुंबईच्या पावसात पाणी शिरलेल्या गाडीचं वायरिंग महिन्यांनी त्रास देऊ शकतं.
- गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. ही तारीख जवळ आली असेल तर भाव करताना धरा.

फोनवरून काय तपासाल?

१. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, इन्शुरन्स आणि फिटनेसची मुदत दिसते. रनिंग मात्र तिथे दिसत नाही.
२. ब्रिटनमध्ये राहत असाल तर सरकारी वेबसाइटवर नंबर टाकून एमओटी तपासणीचा इतिहास फुकट बघता येतो. प्रत्येक तपासणीचं रनिंग तिथे लिहिलेलं असतं. एखाद्या वर्षी आकडा कमी झाला तर समजून जा.
३. चॅसिस नंबर आरसीवरचा आणि गाडीवरचा जुळतो का ते फोटो काढून पडताळा.
४. साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर फोनला जोडून एरर कोड बघता येतात. ओव्हर-रेव्ह किंवा क्लचसाठी मात्र कंपनीचं किंवा खास डायग्नोस्टिक यंत्रच लागतं.
५. भाव बघताना जाहिरातीतली मागणी बघू नका. लिलावाच्या वेबसाइटवर गाडी प्रत्यक्ष किती किमतीला गेली ते बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रनिंग कमी ठेवण्यासाठी गाडी चालवूच नये का?
संग्रहासाठी घेतलेली दुर्मिळ गाडी असेल तर मालक तसं करतात. नियमित मॉडेलची किंमत उभ्या-उभ्याही पडतेच, त्यामुळे ती चालवलेली बरी. दर काही आठवड्यांनी इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवावी.

मीटर मागे फिरवणं अजूनही होतं का?
हो. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल काढून ठेवायचे, आता सॉफ्टवेअर वापरतात. अमेरिकेत १९७२ पासून हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. सर्व्हिस बिलांवरचे आकडे आणि इंजिनचे तास जुळवून बघणं हा सगळ्यात सोपा उपाय.

सायलेन्सर, चाकं बदललेली गाडी घ्यावी का?
मूळ पार्ट सोबत मिळत असतील तरच. नसतील तर भाव कमी करून मागा.

तिन्हींत सगळ्यात महत्त्वाचं काय?
वापर. रनिंग हा एक आकडा आहे आणि रंग डोळ्यांना दिसतो. वापर मात्र कागदपत्रांतून आणि ईसीयूमधून शोधून काढावा लागतो, आणि मोठा खर्च तिथेच लपलेला असतो.

पुढच्या वेळी "फक्त ३ हजार किलोमीटर, शोरूम कंडिशन" अशी जाहिरात दिसली की तीन प्रश्न विचारा: टायर कोणत्या सालचे आहेत, शेवटची सर्व्हिस कधी झाली आणि रिपोर्ट कुठे आहे? गाडी तीन कोटींची असो की तीस हजारांची सेकंड-हँड बाईक, हे प्रश्न तेच राहतात. तुमचा कोणी मित्र जुनी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर हा लेख त्याला नक्की पाठवा.